गुडघा दुखतो, म्हणजे नेमका कुठे?

साठीनंतर गुडघा दुखू लागला की घरात आणि शेजारीपाजारी निदान तयारच असते: वंगण संपले. एक्स-रे काढला की झीजही दिसते, कारण त्या वयात ती पुष्कळांच्या गुडघ्यांत थोडीफार असतेच. मात्र एक्स-रे हाडांचा असतो. स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या कंडरा आणि त्यांचे घर्षण टाळणाऱ्या बर्सा नावाच्या चपट्या, किंचित द्रव असलेल्या पिशव्या त्यात उमटत नाहीत. दुखणे यांच्यापैकी कुणाचे असेल, तर ते झिजेच्या खात्यावर जमा होते आणि महिनोन्महिने तसेच राहते.

म्हणून पहिले काम जागा शोधण्याचे. खुर्चीवर बसून गुडघा काटकोनात वाकवावा. वाटीच्या खालच्या टोकाच्या दोन्ही अंगांना बोटाला खळगे लागतात. आतल्या खळग्यातून दुसऱ्या गुडघ्याच्या दिशेने बोट सरकवत नेले की मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांमधली फट जाणवते. ती सांध्याची रेषा. आता सर्वांत जास्त कुठे दुखते ते पंजाने गुडघा धरून नव्हे, तर एका बोटाने दाखवावे, आणि दुसऱ्या पायाच्या त्याच जागी तेवढाच दाब देऊन फरक पाहावा.

माझ्या आईने दाखवले तेव्हा बोट सांध्यावर नव्हतेच. ते आतल्या बाजूने त्या रेषेच्या तीन बोटे खाली, नडगीवर होते, आणि फिजिओथेरपिस्टबाईंनी तिथे अंगठा दाबताच तिने पाय झटकन मागे घेतला. या ठिकाणी मांडीकडून येणाऱ्या तीन स्नायूंच्या कंडरा हाडाला चिकटतात आणि त्यांच्याखाली बर्सा असते. तिला सूज आली की जिना चढताना, खुर्चीवरून उठताना कळ येते आणि कुशीवर झोपल्यावर गुडघ्यावर गुडघा टेकला की झोपमोड होते. वजन जास्त असलेल्या, मधुमेह असलेल्या आणि आधीच झीज असलेल्या स्त्रियांमध्ये हे विशेष आढळते. दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी घेऊन झोपणे हा उपाय क्षुल्लक वाटतो, पण आईला पहिला आराम त्यानेच पडला.

दुखणे वाटीच्या पुढच्या भागावर असेल आणि तिथे मऊ फुगवटा असेल, तर गुडघे टेकून फरशी पुसणे किंवा बागकाम करणे ही नेहमीची कारणे असतात. ती कामे थांबवावीत किंवा गुडघ्याखाली जाड गादी घ्यावी. फुगवटा लाल व गरम झाला, किंवा ताप आला, तर जंतुसंसर्गाची शक्यता असल्यामुळे त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

गुडघ्याच्या मागच्या लवणीत उभे राहिल्यावर गोळा जाणवला, तर तो बहुधा सांध्यातलेच वाढलेले पाणी मागे साठल्यामुळे आलेला असतो. नुसते पाणी काढले तर तो पुन्हा भरू शकतो. हा गोळा फुटला की पोटरी एकाएकी सुजते आणि दुखते. शिरेत रक्ताची गुठळी झाल्यावरही पोटरी अशीच दिसते, त्यामुळे ती चोळू नये आणि सोनोग्राफीसाठी उद्याची वाट पाहू नये. तितकीच तातडी आणखी एका प्रसंगी असते: पायरी चुकून वाटीच्या वर काहीतरी तुटल्यासारखे वाटले आणि त्यानंतर आडवे झाल्यावर सरळ पाय उचलताच येत नसेल, तर कंडरा तुटलेली असू शकते, आणि पूर्ण तुटलेली कंडरा लवकर शिवावी लागते.

अशी काही भीती नसेल, तर घरी करण्यासारखे बरेच आहे. सुजलेल्या जागी कापडात गुंडाळलेला बर्फ १० ते १५ मिनिटे धरावा. आपल्याकडे तेल लावून रगडण्याचा मोह फार, पण सुजलेली बर्सा रगडल्याने अधिक चिडते. पायांची संवेदना कमी असलेल्या मधुमेहींनी बर्फ आणि शेक दोन्ही जपून वापरावेत. वेदनाशामक जेलने भागत असेल तर गोळ्यांकडे वळू नये. मूत्रपिंडाचा विकार, अल्सर, हृदयविकार किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी त्या स्वतःच्या मनाने मुळीच घेऊ नयेत. मांडी घालणे आणि उकिडवे बसणे काही आठवडे टाळावे. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी टाकावा, आणि काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी.

चालणे मात्र पूर्ण बंद करू नये, कारण मांडीचा पुढचा स्नायू आठवड्या-दोन आठवड्यांत ढिला पडतो आणि भार पुन्हा गुडघ्यावरच येतो. गादीवर पाय पसरून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवावी, ती गुडघ्याने खाली दाबून मांडी घट्ट करावी, मनात पाच आकडे मोजावेत आणि सैल सोडावी. असे १० वेळा, दिवसातून दोनदा. दम रोखू नये.

चार ते सहा आठवड्यांत उतार पडला नाही, तर डॉक्टर त्या जागी स्टिरॉइडचे इंजेक्शन सुचवू शकतात. मधुमेह असल्यास त्यानंतरचे काही दिवस साखर वाढते, त्यामुळे ती रोज तपासावी आणि इंजेक्शनपूर्वीच तसे सांगावे.