प्रो व्हॅलोरंट मॅचचं विश्लेषण करताना या चुका टाळा

व्हॅलोरंट हा पाच विरुद्ध पाच जणांचा बंदुकांचा ऑनलाइन खेळ: राउंडला एक टीम हल्ला करून ठरलेल्या जागी, म्हणजे साइटवर, स्पाइक (बॉम्ब) लावायला बघते, दुसरी बचाव करते. नागपूरच्या मानेवाड्यातल्या एका गेमिंग कॅफेत दर रविवारी सकाळी मी पाच पोरांसोबत बसतो. सगळी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची. आधी तर्री-पोहे, मग वह्या. आठवड्यात पाहिलेली एक प्रो मॅच आणि त्यांची स्वतःची एक स्क्रिम (सरावाची मॅच), दोन्ही आम्ही राउंडनुसार तपासतो. गेल्या उन्हाळ्यात एकाच्या वहीत हरलेल्या सगळ्या राउंडपुढे एकच कारण लिहिलेलं होतं: ‘एम (नेम) खराब’. त्याचा एम चांगला आहे, मी दर आठवड्याला बघतो. तो चुकीचं सेकंद तपासत होता. राउंड बहुतेक वेळा किलच्या पंधरा-वीस सेकंद आधीच एका बाजूला झुकलेला असतो, आणि तपासणी तिथून सुरू करावी लागते. पोरं जिथे जिथे अडखळतात, ते खाली लिहितो आहे.

स्कोअर पाहून गोष्ट रचणं

मार्च 2023 मध्ये ब्राझीलमधल्या साओ पाउलोला व्हॅलोरंटच्या लॉक-इन स्पर्धेची फायनल झाली. 32 टीम्स, एकदा हरलं की थेट घरी. फायनलला फनॅटिक ही टीम आणि घरच्या प्रेक्षकांसमोर खेळणारी लाउड. मामला पाचव्या, निर्णायक मॅपवर (खेळातल्या मैदानावर), आइसबॉक्सवर गेला. तिथे लाउड 11-3 नं पुढे होती. फनॅटिकनं तो मॅप 14-12 असा काढला.

ही मॅच दाखवली की पोरं एका आवाजात ‘जिगर!’ म्हणतात. जिगर होतीच. पण त्या आकड्यांची फोड करून बघा. 11 आणि 3 म्हणजे 14 राउंड झालेले. हाफ 12 राउंडचा, म्हणजे बाजू बदलून दोनच राउंड झाले होते. उरलेल्या दहापैकी नऊ फनॅटिकनं जिंकले तेव्हा 12-12 झालं, आणि पुढे ओव्हरटाइमचे दोन्ही राउंड तिचेच. म्हणजे ते नऊच्या नऊ राउंड तिनं एकाच बाजूनं खेळून काढले. आता विचारायचा प्रश्न नेमका होतो: त्या बाजूनं खेळताना फनॅटिक काय करत होती, ज्याचं उत्तर लाउडला दहा राउंडमध्ये एकदाच सापडलं? या प्रश्नासाठी रिप्ले पुन्हा लावता येतो. ‘जिगर’साठी लावून काही हाती लागत नाही.

ओव्हरटाइमचा हिशेबही वेगळा धरा. तिथे प्रत्येकाच्या हातात 5000 क्रेडिट्स (बंदुका घ्यायचे खेळातले पैसे) येतात आणि एक राउंड हल्ल्याचा, एक बचावाचा असतो. आधीच्या इकॉनॉमीचं ओझं तिथे संपतं, म्हणून ते दोन राउंड आधीच्या नऊमध्ये मिसळू नका.

पैशाचा हिशेब न लिहिणं

सगळ्यात जास्त ‘वाईट खेळले’ हा शेरा मी इको राउंडपुढे पाहिला आहे. टीमनं ठरवून पैसे वाचवले असतात, पिस्तुलं घेऊन उतरलेली असते, आणि आपण तिच्या एमवर बोलत बसतो.

एक साधा हिशेब पाठ करून ठेवा. पहिल्या राउंडला 800 क्रेडिट्स मिळतात. समजा सगळे खर्च झाले, किल एकही नाही आणि राउंड हरलात, तर हाती 1900 येतात. दुसऱ्या राउंडला काहीच घेतलं नाही आणि तोही हरलात, तर आणखी 2400. तिसऱ्या राउंडला झाले 4300. व्हँडल रायफल 2900, जड शील्ड 1000, वर अबिलिटीजसाठी (पात्राच्या खास शक्तींसाठी) 400. पूर्ण तयारी, म्हणजे फुल बाय. तेच दुसऱ्या राउंडला फोर्स केला, म्हणजे होते तेवढे पैसे उडवले, आणि हरलात, तर तिसऱ्याला हातात 2400. व्हँडलसुद्धा येत नाही. म्हणजे तिसरा राउंड कसा दिसणार हे दुसऱ्याच्या बाय फेजमध्येच (राउंडआधीच्या खरेदीच्या वेळेतच) ठरून गेलं.

याची दुसरी बाजू पुढे असलेल्या टीमला बोचते. जिंकत आलेली टीम एक राउंड हरली की तिचा लॉस बोनस (हरल्यावर मिळणारे आणि सलग हरलं की वाढणारे पैसे) पुन्हा 1900 पासून सुरू होतो. सगळे मेले आणि बंदुकाही गेल्या, तर मोठ्या आघाडीवरची टीमही दोन राउंडमध्ये कंगाल होते. म्हणून कमबॅक तपासताना आधी हे शोधा की पुढे असलेल्या टीमचा खिसा कोणत्या राउंडला रिकामा झाला. कॅस्टर (समालोचक) त्या वेळी बहुतेकदा मागच्या किलबद्दल बोलत असतात, त्यामुळे आवाज बंद करून दोन्ही टीम्सचे क्रेडिट्स वहीत उतरवा. सेव्ह केलेल्याचा, म्हणजे बंदूक वाचवायला लपून राहिलेल्याचा, हिशेबही चुकवू नका: हल्ला करणारा प्लांट न होता वेळ संपून हरला आणि जिवंत राहिला, तर त्याला 1000 च मिळतात. वाचवलेल्या ऑपरेटरच्या (महागड्या स्नायपरच्या) किमतीतून बुडालेला बोनस वजा करूनच फायदा मोजायचा.

आपल्याला दिसतं ते खेळाडूलाही दिसत होतं असं धरणं

ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते, कारण ती खेळाडूवर अन्याय करते. प्रक्षेपणात आपल्याला भिंतीपलीकडचे खेळाडू दिसतात, दोन्ही टीम्सची जागा मिनीमॅपवर दिसते. मैदानातल्या पोराला त्यातलं निम्मंही दिसत नाही. त्याच्याकडे पावलांचा आवाज, एखाद-दुसरी अबिलिटी आणि टीममेटची दोन वाक्यं असतात.

आमच्या पोरांची एसेंट या मॅपवरची एक स्क्रिम सांगतो. तिथे ए आणि बी अशा दोन साइट, मधला भाग म्हणजे मिड. बचावाचा राउंड. बी साइटवर एकटा उरला, तीन जण अंगावर आले, तो मेला, घड्याळात 22 सेकंद उरली असताना स्पाइक लागली. वहीत शेरा: ‘बी वर एम चुकला’. मी रिप्ले 51 सेकंदांवर मागे नेला. तिथे ए मेनमध्ये (ए कडे येणाऱ्या वाटेवर) समोरच्या सोवाचा, म्हणजे टेहळणी करणाऱ्या पात्राचा, एक डार्ट पडला आणि पावलं वाजली. तेवढ्यावर बीच्या दोघांपैकी एक मार्केटमधून धावत सुटला, आणि मिडवालाही त्याच्यामागे ए कडे गेला.

“दादा, हा मिडवाला काहून गेला बे?” एकानं विचारलं. तोच मिडवाला त्याच्या शेजारी बसला होता. मी त्याच्या स्क्रीनचा रिप्ले लावला. त्याला काय दिसलं? ए वर एक माणूस. स्पाइक दिसली? नाही. ए मेनसमोर स्मोक (धुराचा पडदा) पडला तेव्हा त्यातून कुणी पुढे आलं? नाही. ओमेन या पात्राचा स्मोक 15 सेकंद टिकतो. तो विरला तरी ए रिकामाच होता. एका माणसाच्या आवाजावर दोघांनी जागा सोडली होती. बीवाल्याची एकही गोळी तेव्हा सुटली नव्हती.

तेव्हापासून नियम असा आहे: आधी त्या खेळाडूच्या स्क्रीनवरून राउंड बघायचा, त्याला माहीत असलेल्या गोष्टी लिहायच्या, आणि मगच पूर्ण चित्र उघडायचं. निर्णय चुकीचा होता की माहितीच अपुरी होती, हे दोन वेगळे आजार आहेत आणि त्यांची औषधंही वेगळी. पहिल्याला सराव लागतो, दुसऱ्याला कॉलिंग सुधारावं लागतं.

रीटेकचंही (स्पाइक लागल्यावर साइट परत घेण्याचंही) असंच. स्पाइक 45 सेकंदांनी फुटते आणि डिफ्यूजला 7 लागतात, म्हणजे जागा मोकळी करायला फार तर 38. अर्ध्या डिफ्यूजची खूण साडेतीन सेकंदांवर राहते, तिचाही उपयोग होतो. त्या स्क्रिममध्ये आपली पोरं 38 सेकंद हातात असून एकेक करून आत गेली आणि एकेक करून मेली. थांबून सोबत गेली असती तर ट्रेड मिळाला असता, म्हणजे एकाला मारणाऱ्याला दुसऱ्यानं लगेच मारलं असतं.

किल मोजून हिरो ठरवणं

फार लिहायची गरज नाही. डुएलिस्टचे (सगळ्यांत आधी आत शिरणाऱ्याचे) किल्स जास्त दिसणारच, ते त्याचं काम आहे. ज्याच्या फ्लॅशमुळे तो आत शिरला, त्याचं नाव शोधा. पंधरापैकी किती किल्स राउंड आधीच ठरल्यावर पडले, तेही बघा.

प्रो टीमचा डाव उचलून आपल्या रँक्ड मॅचमध्ये लावणं

तो डाव महिन्यांच्या सरावावर उभा असतो, आणि पॅच (खेळाचा अपडेट) बदलला की त्यातला अर्धा भाग निकामी होतो. जुनी मॅच बघताना आधी तारीख बघा. घ्यायचीच असेल तर एक कल्पना घ्या: पहिल्या तीस सेकंदांत त्यांनी कोणती माहिती मिळवली आणि तिच्यावर काय ठरवलं.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. चोवीसच्या चोवीस राउंड तपासायला बसू नका; दुपारपर्यंत कूलरची हवाही गरम होते आणि डोकंही. तीन निवडा: पैशाचं पारडं फिरलं तो, टाइमआउटनंतरचा, आणि तुम्हाला कळलाच नाही असा एक. आमच्या मिडवाल्याच्या वहीत गेल्या रविवारी ही ओळ होती: ‘51 ला ए वर डार्ट. माणूस एकच. स्पाइक दिसली नाही. मिड सोडला नाही.’ राउंड ते हरले होते. शेऱ्याच्या रकान्यात त्यानं लिहिलं होतं, ‘आमचे 1900, त्यांची फुल बाय’.