फटाक्यांना घाबरणारं कुत्रं घरात असेल तर तयारी कधीपासून आणि कशी

आमची झिपरी देशी, रस्त्यावरूनच आलेली, त्यामुळे माझा आपला समज की ही कसली फटाक्यांना घाबरतेय. पहिल्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाला खाली पार्किंगसमोर कोणीतरी मोठी माळ लावली आणि झिपरी गायब. तिसऱ्या मजल्यावरच्या टू बीएचकेमधून कुत्रं जाणार कुठे? तर वॉशिंग मशीनच्या मागे, नळ आणि भिंतीच्या मधल्या वीतभर जागेत शिरून अडकून बसली होती, मशीन दोघांनी ओढून काढावं लागलं. थरथर इतकी की मशीनचा पाइप हलत होता.

त्याच्यापुढची चूक माझी. दुसऱ्या दिवशी पाडव्याला मी तिला पट्टा लावून बाल्कनीत घेऊन बसले, का तर "सवय होऊ दे, दोन दिवसात समजेल काही होत नाही ते". शेजारच्या काकूंचाही हाच सल्ला होता, "अगं कुत्रंच आहे ते, मरतंय काय आवाजाने". झालं काय, तर त्यानंतर चार महिने ती बाल्कनीत आली नाही, मी कपडे वाळत घालायला गेले तरी दारात उभं राहून बघायची. तर पहिली गोष्ट हीच, घाबरलेल्या कुत्र्याला धरून आवाजासमोर बसवू नका. त्याने सवय होत नाही, भीती पक्की होते आणि वर त्या जागेचीही भीती बसते.

दुसरा एक गैरसमज लगेच काढून टाकते. "जवळ घेऊ नका, लाड केले की भीती वाढते" असं भरपूर लोक सांगतात. भीती म्हणजे काही बिस्किटासाठी केलेलं नाटक नाही, जवळ घेतलं म्हणून ती वाढत नाही. येऊन मांडीत बसत असेल तर बसू द्या, पाठीवर हात ठेवा, हळू आवाजात बोला. फक्त ते लपलं असेल तर ओढून बाहेर काढू नका, आणि तुम्ही स्वतः प्रत्येक आवाजाला "अगं बाई!" करून उडू नका, कारण ते तुमच्याकडे बघत असतं.

आता कामाचं. सगळ्यात जास्त उपयोग कशाचा झाला विचाराल तर चिकनचा. म्हणजे आवाज झाला की लगेच खाऊ, प्रत्येक वेळी, न चुकता. स्वित्झर्लंडच्या बर्न विद्यापीठातल्या एका संशोधनात बाराशेच्या वर कुत्रेवाल्यांना विचारलं होतं की फटाक्यांच्या भीतीवर काय काय केलं आणि काय लागू पडलं, ते २०२० साली छापून आलं. आवाजानंतर खाऊ किंवा खेळ देणाऱ्यांपैकी सत्तर टक्क्यांवर लोकांनी फरक पडला म्हणून सांगितलं. हर्बल थेंब, फेरोमोन (कुत्र्याला शांत करणाऱ्या वासाचे स्प्रे, प्लग) वगैरेवाले साधारण तीस टक्क्यांच्या आसपास होते. म्हणजे दुकानात हजार रुपयांची बाटली घेण्याआधी घरातला डबा उघडून बघा.

पण यात एक मेख आहे आणि ती मला उशिरा कळली. आधी आवाज, मग खाऊ. उलटं नाही. मी काय करायचे, खाली पोरं वात पेटवताना दिसली की घाईघाईने फ्रिजमधला चिकनचा डबा उघडायचे, झाकण टक्क वाजायचं, मग धाड. तीन दिवसांत झिपरीला गणित समजलं की झाकण वाजलं म्हणजे बॉम्ब येणार, आणि ती डब्याच्या आवाजालाच पलंगाखाली पळायला लागली! मग मी चिकनचे तुकडे आधीच छोट्या पाऊचमध्ये भरून कमरेला लावायला सुरुवात केली, धाड झालं की मनात "एक" असं मोजायचं आणि तुकडा तिच्यासमोर. घाबरली असली तरी द्यायचा, "शहाण्यासारखी बसलीस तरच" अशी अट घालायची नाही. तुकडा करंगळीच्या नखाएवढा पुरे, एका संध्याकाळी पन्नास-साठ लागतात, त्यामुळे त्या दिवशी रात्रीचं जेवण कमी ठेवा. मीठ-मसाला-कांदा न घालता उकडलेलं चिकन, नाहीतर पनीर, चीज, उकडलेलं अंडं, जे तुमच्याकडे सगळ्यात आवडतं ते, पण ते एरवी मिळता कामा नये. रोजच्या पेडिग्रीच्या दाण्यावर बॉम्ब माफ होत नसतो.

खातच नसेल तर? तर भीती त्याच्या पलीकडे गेलीय असं समजायचं. तोंडात कोंबू नका, आवाजापासून लांब न्या. ही पातळी आधी ओळखता आली पाहिजे. आपल्याला थरथर आणि लाळ दिसते पण त्याच्या खूप आधी खुणा चालू होतात: झोप आलेली नसताना जांभया, सारखी ओठांवरून जीभ फिरवणं, कान मागे, गरम होत नसताना धापा टाकणं, उगाच या खोलीतून त्या खोलीत येरझाऱ्या. आणि माणसाला वीस हजार हर्ट्झपर्यंतच ऐकू येतं, कुत्र्याला साधारण पंचेचाळीस हजारांपर्यंत, त्यामुळे आपल्याला रॉकेटचा नुसता सूं ऐकू येतो तेव्हा त्याला काय काय ऐकू येत असेल ते तेच जाणे.

हे झालं खऱ्या आवाजाच्या वेळेचं. सराव मात्र शांत दिवसांत करायचा, आणि शांत दिवस शोधणं हीच आपल्याकडे पंचाईत आहे. पुण्यात बघा, दहीहंडी, गणपती, नवरात्र, दिवाळी, तुळशीची लग्नं, मग खरी लग्नं, एकतीस डिसेंबर, मॅच जिंकली की ते, आणि मे महिन्यात वळवाचा गडगडाट. मी जानेवारी ते मार्च धरते. फोनमध्ये फटाक्यांचे आवाज मिळतात, ते ब्लूटूथ स्पीकरवर लावायचे (फोनच्या स्वतःच्या स्पीकरला बेस नसतो, बॉम्बचा धम्म त्यात येतच नाही). सुरुवातीला आवाज इतका बारीक की कुत्र्याचा फक्त कान हलला पाहिजे, मान नाही. आवाज, तुकडा, आवाज, तुकडा, पाच मिनिटं आणि बंद. सलग तीन-चार दिवस कान टवकारून तुमच्या हाताकडे बघायला लागलं की मग एक पॉइंट वाढवायचा. वाढवल्यावर खाणं थांबलं किंवा उठून गेलं तर तुम्ही घाई केलीत, दोन पॉइंट खाली या. मधूनमधून स्पीकरची जागा बदला, एकदा किचनमध्ये, एकदा बाल्कनीच्या दाराशी. आणि खरे फटाके सुरू झाले की हा सराव बंद, कारण वर्षभराची मेहनत एका सुतळी बॉम्बने पाण्यात जाते. शिवाय खऱ्या फटाक्यात वास असतो, खिडकीची काच थरथरते, ते स्पीकरमध्ये येत नाही, त्यामुळे सरावाने सगळं सुटेल असं धरून चालू नका.

कुकरच्या शिट्टीवर, मिक्सरवरही हेच करता येतं, आणि पिल्लू असेल तर तिथूनच सुरुवात करा. शिट्टी झाली, तुकडा. घरात चिकन न चालणाऱ्यांनी पनीर.

आता दिवाळीच्या दिवसांचं वेळापत्रक, इथे आपल्याकडची एक खास अडचण आहे. बाहेरच्या व्हिडिओंमध्ये सांगतात की सकाळी लवकर फिरवून आणा. नरकचतुर्दशीला पहाटे साडेचारला कारीट फोडून झालं की पोरं पहिला बॉम्ब कोण लावतो म्हणून खाली धावतात, आणि तुम्ही नेमके तेव्हा कुत्रं घेऊन गेटजवळ! त्या दिवशी आणि लक्ष्मीपूजनाला मी दुपारी दोन ते चारमध्ये मोठा फेरफटका मारते, सगळे जेवून झोपलेले असतात. रात्रीची शू साडेसहाच्या आत. दोन पट्टे लावते, एक हार्नेसला, एक कॉलरला, कारण घाबरलेलं कुत्रं मागे सरकून कॉलरमधून डोकं कसं काढतं हे एकदा बघितलंय. कॉलरवर मोबाइल नंबर असलेला बिल्ला हवाच, कातडीखाली ओळखीची चिप बसवली असेल तर तिच्या नोंदीतला नंबर जुना तर नाही ना बघून घ्या. आणि घराचं दार! फराळाला माणसं येतात-जातात, "या या" म्हणत दार उघडं राहतं आणि त्याच वेळी खाली धाड होतं. सेफ्टी डोअर लावूनच आतलं दार उघडायचं, हे घरातल्या सगळ्यांना, आजीलासुद्धा, सांगून ठेवा. फराळाचं ताटही वर ठेवा, बेदाणे आणि चॉकलेट कुत्र्याला विषारी.

लपायची जागा आपण ठरवायची नाही, ते कुठे जातं ते बघायचं आणि तिथेच सोय करायची. आमची वॉशिंग मशीनमागे जायची म्हणून मी ती फट पुठ्ठ्याने बुजवली आणि बाजूच्या बाथरूममध्ये तिची वापरलेली गोधडी टाकली, नवीन धुतलेली नाही, वासाची. बाथरूम आतल्या बाजूला आहे, खिडकी छोटी, तिला उशी लावली. एक्झॉस्ट फॅन चालू, बाहेर हॉलमध्ये टेबलफॅन आणि टीव्ही. सततची घरघर असली की धाडचा धक्का कमी लागतो. पाण्याचं भांडं आत, दार उघडं, कोंडायचं नाही. कोंडलं की दार खरवडून नखं रक्ताळतात.

एवढं करूनही काही कुत्र्यांचं भागत नाही, मग औषध, आणि त्यात काही कमीपणा नाही. फक्त डॉक्टरांकडे लक्ष्मीपूजनाच्या दुपारी जाऊ नका, तेव्हा तिथे रांग असते. महिनाभर आधी जा. ट्रॅझोडोन, गॅबापेंटिन अशी औषधं डॉक्टर वजन, वय, किडनी-लिव्हर बघून देतात, आणि ती आवाज सुरू व्हायच्या आधी पोटात जावी लागतात, घाबरून झाल्यावर दिली की फारसा फायदा नाही. आधी एका शांत दिवशी ट्रायल घ्या, कारण एखाद्याला झोप येते तर एखादं उलट जास्त चिडचिड करतं. झिपरीला पहिल्या वर्षी एका दवाखान्यात एसीप्रोमाझीन नावाचं गुंगीचं औषध दिलं होतं, अंग ढिलं पडलं, पाय उचलेनात, पण डोळे टक्क उघडे आणि प्रत्येक आवाजाला आतून हादरत होती. नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी समजावलं की नुसतं ते दिलं की शरीर सुस्त होतं, भीती तशीच राहते, कधीकधी तर आवाज जास्त लागतो. त्यामुळे "झोपेचं द्या" असं न म्हणता "भीती कमी होणारं द्या" असं म्हणा. आणि घरातलं माणसाचं सिरप किंवा झोपेची गोळी अंदाजाने देऊ नका, काही सिरपमध्ये गोडीसाठी साखरेऐवजी झायलिटॉल असतं आणि ते कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतं.

अजून एक. पाच-सहा वर्षं काही न वाटणारं कुत्रं अचानक कुकरच्या शिट्टीलाही घाबरायला लागलं तर सांधे आणि पाठ तपासून घ्या. दचकलं की अंग आखडतं, आखडलं की दुखतं, आणि मग आवाज म्हणजे दुखणं हे डोक्यात बसतं. अशा वेळी दुखण्यावर इलाज केल्याशिवाय चिकनने फार फरक पडत नाही.

राहिला शेजार. नियम आहेत, रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाचे फटाके वाजवायचे नाहीत, चार मीटरवर १२५ डेसिबलच्या वरचे तर विकायचेही नाहीत, आणि २०१८ साली सुप्रीम कोर्टाने दिवाळीला रात्री आठ ते दहा अशी वेळ घालून दिली होती. मी एकदा सोसायटीच्या ग्रुपवर हे सगळं टाकलं, त्यावर बारा हसण्याच्या इमोजी आल्या आणि त्या वर्षी मुद्दाम माझ्या खिडकीखाली दोन जास्त वाजले. पुढच्या वर्षी ग्रुप सोडून पोरांशी बोलले. झिपरीला घेऊन खाली गेले, त्यांच्याकडून तिला तुकडे भरवून घेतले आणि म्हटलं, वाजवा रे, पण मागच्या गेटला वाजवा आणि मोठं लावायच्या आधी बेल मारा. आता बी विंगमधला एक दहा वर्षांचा पोरगा इंटरकॉमवरून कळवतो, "काकू, नऊ वाजता सुतळी आहे, सहा पीस." मी पाऊच कमरेला लावून तयार. सहा म्हणजे सहाच असतात, शब्दाला पक्का आहे.

झिपरी बरी झाली का? सुतळीला आता बाथरूममधून बाहेर येऊन माझ्या कमरेकडे बघते. रॉकेटच्या शिट्टीला अजून गोधडीत तोंड खुपसते, वळवाच्या गडगडाटालाही. तेवढं राहू दे.

आणि ज्यांना बाथरूम नाही ती, रस्त्यावरची. त्या चार रात्री ती पार्किंगमध्ये शिरतात, हाकलू नका. आमचे वॉचमन काका जिन्याखाली दोन पोती टाकतात आणि पाण्याचं घमेलं भरून ठेवतात. सकाळी गाडी काढताना आधी वाकून चाकांमागे बघा, बॉनेटवर दोन थापा मारा, मगच किल्ली फिरवा.