ज्येष्ठमधावरील किडींचे नियंत्रण : लागवडीपूर्वीच्या मशागतीपासून साठवणीपर्यंत

ज्येष्ठमध हे शिंबी कुळातील बहुवर्षायू पीक आहे. लागवडीनंतर साधारण अडीच ते तीन वर्षांनी त्याची मुळे खणून काढतात आणि ती काढ्यात, चूर्णात व खोकल्याच्या औषधांत वापरली जातात. जमिनीत टाकलेले कीटकनाशक ज्या मुळांना भिडते, तीच मुळे येथे विकायची असल्यामुळे या पिकात कीड आल्यावर औषध शोधण्यापेक्षा ती येऊ न देण्यावरच भर द्यावा, असे माझे ठाम मत आहे.

सर्वांत जास्त लक्ष जमिनीखाली द्यावे लागते. ज्येष्ठमधाला हलकी, वाळूमिश्रित, निचऱ्याची जमीन मानवते, आणि नेमकी अशीच जमीन वाळवीला व हुमणीलाही (मुळे खाणारी भुंगेऱ्याची अळी) पोषक असते. म्हणून उन्हाळ्यात खोल नांगरट करून जमीन तापू द्यावी, आधीच्या पिकाची धसकटे वेचून काढावीत आणि शेणखत पूर्ण कुजलेलेच घालावे; अर्धवट कुजलेल्या खतातून हुमणीच्या अळ्या शेतात येतात आणि वाळवीलाही आयते खाद्य मिळते. त्या खतात मेटारायझियम ही कीटकांना मारणारी उपयुक्त बुरशी मिसळून, जमिनीत ओल असताना ते मातीआड करावे. सोबत निंबोळी पेंड द्यावी. वळवाच्या पहिल्या पावसानंतर हुमणीचे भुंगेरे संध्याकाळी बाभूळ व कडुनिंबाच्या झाडांवर जमतात; त्या वेळी फांद्या हलवून ते खाली पाडावेत आणि रॉकेलमिश्रित पाण्यात टाकून नष्ट करावेत. हे काम गावाने मिळून केले, तरच त्याचा खरा उपयोग होतो. जमिनीत टाकल्या जाणाऱ्या फोरेट या दाणेदार कीटकनाशकावर 2020 च्या अखेरीपासून देशात बंदी आहे. कोणाकडे जुना साठा उरला असला, तरी तो या पिकात मुळीच वापरू नये.

लागवडीसाठी जमिनीखालील खोडाचे दोन-तीन डोळ्यांचे, पोखरलेले किंवा कुजलेले नसलेले निरोगी तुकडेच निवडावेत. कोवळे फुटवे जमिनीलगत कापलेले दिसल्यास रोपे कुरतडणारी अळी आहे असे समजून सकाळी बुंध्याजवळची माती उकरावी आणि अळ्या वेचाव्यात.

पानांवर मावा व तुडतुडे दिसताच 5 टक्के निंबोळी अर्क फवारावा. त्यासाठी 5 किलो निंबोळी पावडर रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी फडक्यातून गाळावी, त्यात 200 ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवावा, एकूण द्रावण 100 लिटर करावे आणि ते त्याच दिवशी संपवावे. कोरड्या उष्ण हवेत पाने फिकट, ठिपकेदार होऊन खालच्या बाजूस बारीक जाळी दिसली, तर तो लाल कोळी असतो. कोळी हा कीटक नसल्याने नेहमीची कीटकनाशके त्याच्यावर फारशी चालत नाहीत. उलट सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशक फवारल्यास त्याचे नैसर्गिक शत्रू मरतात आणि तो अधिकच फोफावतो. अशा वेळी पाण्यात विरघळणारे गंधक लेबलवरील मात्रेनुसार, ऊन उतरल्यावर फवारावे. कडक उन्हात पाने करपतात.

काढणीनंतरही धोका संपत नाही. साठवलेल्या मुळांत लासिओडर्मा व स्टेगोबियम हे बारीक तपकिरी भुंगेरे शिरतात आणि आतून पोखरून भुसा करतात. मुळे धुऊन, मोडल्यावर कडकन तुटतील इतकी वाळवून, हवाबंद पिशव्यांत जमिनीपासून उंचावर ठेवावीत. नवा माल जुन्या मालाशेजारी ठेवू नये आणि पावसाळ्यात प्रत्येक पिशवीच्या तळाशी भुसा साचला आहे का, हे अधूनमधून पाहावे.