वार्निशचा डबा उघडण्यापूर्वी

मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारीला बंदी असते आणि माळ्यावरची जुनी गळाची काठी नेमकी तेव्हाच खाली उतरते. पण इंदूरच्या पावसाळी हवेत तिला वार्निश लावू नका. बांबूने ओल धरलेली असते, वर थर बसला की ती आतच कोंडते. पावसाळा तपासणीला आणि सामान जमवायला द्या, वार्निश दिवाळीनंतर.

आधी काठी नीट पाहा. छेद षटकोनी असेल तर ती बांबूच्या सहा त्रिकोणी पट्ट्या चिकटवून केलेली आहे. जुन्या काठ्यांत बहुधा साधा सरस असतो, तो उष्णतेने आणि पाण्याने सुटतो. म्हणून हीट गन आणि गरम पाणी दोन्ही लांब ठेवा. कानाजवळ धरून हलकेच वाकवा. टिकटिक ऐकू आली तर पट्ट्या उकलल्या आहेत, तो जोड पहिल्यांदा दुरुस्त करा. फेरूल, म्हणजे सांध्याच्या धातूच्या नळ्या, ढिल्या वाटल्या तरी पिळून ओढू नका. आत अनेकदा बारीक पिन असते, ती भिंगाने शोधा.

मग वही, पेन्सिल, स्टीलची पट्टी. प्रत्येक कडी, म्हणजे गळाची दोरी जिच्यातून जाते ती, टोकापासून किती अंतरावर आहे, ती बांधणाऱ्या धाग्याचे वेढे किती, रंग कोणता, हे लिहा, फोटो काढा आणि मगच धागा कापा. माझ्या पहिल्या काठीला मी आधी ब्लेड लावलं. तिच्या कड्यांची मूळ जागा कायमची गेली, अजून हळहळ वाटते.

काचपेपर ४०० नंबरपेक्षा खरखरीत आणूच नका. बांबूचं सगळं बळ सालीलगतच्या तंतूंत असतं आणि नर्मदेतला महाशीर मासा हिसका देतो तेव्हा ताण त्यांच्यावरच येतो. ते घासले गेले की काठी दुबळी होते, आणि यावर उपाय नाही. जुनं वार्निश तेवढं उतरवा, पिवळसर बांबू दिसला की थांबा. मुठीच्या वर शाईने लिहिलेलं कारागिराचं नाव असेल तर त्या भागाला हातच लावू नका.

धागा बारीक पिळाचा, रेशमी. वार्निश लागताच रेशीम गडद आणि पारदर्शक होतं, म्हणून आधी बांबूच्या तुकड्यावर गुंडाळून रंग पाहा. इंदूरच्या सियागंज बाजारातल्या हार्डवेअरवाल्याकडे लाकडावर बाहेर लावायचं मरीन वार्निश मागा, सोबत मऊ ब्रश. काठी उभी टांगायला हूक हवा. वार्निशच्या दोन हातांमध्ये निदान एक दिवस जाऊ द्या. खोली आदल्या संध्याकाळी ओल्या फडक्याने पुसा आणि पंखा बंद ठेवा.