फणसाच्या चिकाने अडकलेला चाकू

खानापूरला मामांकडे फणस सोलायला खिशातला घडीचा चाकू काढला आणि चीक थेट सांध्यात गेला. दुसऱ्या दिवशी पातं उघडेना. बेळगावच्या खडेबाजारातून ३०० रुपयांना घेतलेला. घरचे म्हणाले, टाकून दे. मला पटेना, पातं अजून छान होतं.

चीक पाण्याने निघत नाही. खोबरेल तेलाचे चार थेंब सांध्यात सोडून रात्रभर ठेवला, सकाळी जुन्या टूथब्रशने घासला. मग टी८ टॉर्क्स बिटने (चांदणीच्या आकाराच्या टोकाचा स्क्रूड्रायव्हर) सांध्याचा स्क्रू काढून आतले वॉशर पुसले. खोबरेल आत राहू देऊ नका, थंडीत थिजतं. शेवटी शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब.

खरा वेळ गेला स्क्रू बसवताना. जास्त आवळला की पातं जड, सैल सोडला की डुलतं. पाव-पाव फेरा करत जमवलं. नंतर लाइनर लॉक, म्हणजे उघडलेलं पातं जागी अडवून धरणारी आतली पट्टी, तपासला: बोटं धारेच्या वाटेतून बाजूला ठेवून पात्याची पाठ लाकडावर हलकेच आपटली. सुटला नाही. स्वस्तातला चाकू घेताना मी हेच आधी बघतो. धार घरच्या दगडावर लावता येते, ढिला लॉक घरी सहज दुरुस्त होत नाही.

रविवारी त्यानेच दुसरा फणस कापला, पात्याला आधी तेल चोळून.