गिटारवर मोड आणि पट्टीबदल कसा शिकावा: आधी ‘सा’ पक्का करा

गिटारची सहावी तार मोकळी छेडा, मागोमाग पाचवीही मोकळी छेडा आणि दोन्ही घुमू द्या. पाचवी तार ए स्वराची. तिला सा धरलं तर सहावीचा ई हा खालचा पंचम होतो. म्हणजे तुमच्या मांडीवर प-सा लावलेला तंबोराच आहे. मोड म्हणजे काय (सा धरून केलेली सात स्वरांची ठरावीक मांडणी) आणि पट्टी बदलते तेव्हा नेमकं काय होतं, हे या दोन तारांच्या साथीने कानाला कळायला लागतं. मी तरी कुणाला दुसरीकडून सुरुवात करू देत नाही.

बहुतेक जण मोड शिकतात ते आकृत्यांवरून. सात मोड, सात आकृत्या, बोटं कुठे ठेवायची ते पाठ. मग सी मेजरचेच (सीला सा धरून शुद्ध स्वरांच्या सरगमचेच) स्वर डीपासून डीपर्यंत वाजवायचे आणि म्हणायचं, हा डोरियन. पण कान ते ऐकत नाही. मनातला सा अजून सीवरच बसलेला असतो, त्यामुळे ऐकू येतो तो मधूनच सुरू झालेला सी मेजर. मीही दोन वर्षं याच वाटेने गेलो. आकृत्या सगळ्या येत होत्या. डोरियन प्रत्यक्ष ऐकू आला तो तंबोऱ्याचं ॲप लावून वाजवायला बसलो त्या संध्याकाळी.

आपल्याकडच्या शिकणाऱ्याला इथे एक मोठी सोय आहे. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी हिंदुस्थानी रागांची दहा थाटांत, म्हणजे सात स्वरांच्या दहा साच्यांत, मांडणी केली. त्यांतल्या सहा थाटांचे स्वर सात पाश्चात्त्य मोडांपैकी सहांशी तंतोतंत जुळतात. म्हणजे ज्याने हार्मोनियमवर चार दिवस सरगम घोकली आहे, त्याला मोडांची निम्मी ओळख आधीच झालेली असते. फक्त नावं नवी असतात.

पायरी १: एका तारेवर सप्तक मांडा

तिसरी तार घ्या. दुसऱ्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे गिटारच्या दांडीवरची आडवी पट्टी) ए आहे, तोच आपला सा. तिथून एकेक फ्रेट पुढे जा: ३ वर कोमल रे, ४ वर शुद्ध रे, ५ वर कोमल ग, ६ वर शुद्ध ग, ७ वर शुद्ध म, ८ वर तीव्र म, ९ वर प, १० वर कोमल ध, ११ वर शुद्ध ध, १२ वर कोमल नी, १३ वर शुद्ध नी आणि १४ वर तार सा. बारा फ्रेटमध्ये बारा स्वर संपले.

हे एकाच तारेवर करायचं, कारण अंतरं डोळ्यांना दिसतात. चार-पाच तारांवर पसरलेल्या आकृतीत ती लपून जातात. मेजर स्केलचं सूत्र पुस्तकांत ‘दोन-दोन-एक-दोन-दोन-दोन-एक’ असं देतात. ते इथे हाताला कळतं: २, ४, ६, मग लगेच ७, मग ९, ११, १३ आणि लगेच १४. ग-म आणि नी-सा या दोन जागी बोटं जवळ येतात, बाकी सगळीकडे एक फ्रेट सोडून.

अंगठ्याने सहावी आणि पाचवी तार संथ छेडत राहा आणि प्रत्येक स्वर वाजवताना तोंडाने म्हणा. आवाज कसाही असो, म्हणा. न गाता केलेला हा अभ्यास बोटांतच राहतो.

पायरी २: एका वेळी एकच स्वर बदला

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मोड शिकवताना आयोनियन, डोरियन, फ्रिजियन असा क्रम सांगतात. तो बाजूला ठेवा. त्याऐवजी सगळ्यात उजळ मोडापासून एकेक स्वर उतरवत खाली या.

सुरुवात लिडियनपासून, म्हणजे कल्याण थाट: २, ४, ६, ८, ९, ११, १३, १४. आठव्या फ्रेटवरचा तीव्र म लांबवा आणि खालचा सा ऐका. हा म पंचमाकडे झेपावतो, कुठे टेकायला तयार नसतो.

आता तो एकच स्वर एक फ्रेट मागे घ्या, ८ ऐवजी ७. झाला बिलावल, म्हणजे आयोनियन, म्हणजेच मेजर स्केल. मघाशी वर ताणलेलं सगळं जमिनीवर आलं.

मग १३ ऐवजी १२, कोमल नी: खमाज, पाश्चात्त्य नाव मिक्सोलिडियन. ब्लूज आणि रॉक गिटारवाल्यांचा हा फार लाडका. पुढे ६ ऐवजी ५, कोमल ग: काफी, म्हणजे डोरियन. इथे रंग एकदम बदलतो, कारण मेजर-मायनरचा फैसला गंधार करतो. मग ११ ऐवजी १०, कोमल ध: आसावरी, म्हणजे एओलियन, ज्याला नॅचरल मायनर म्हणतात. मग ४ ऐवजी ३, कोमल रे: भैरवी, म्हणजे फ्रिजियन.

मैफल भैरवीने संपते, आपला हा उतारही तिथेच आल्यासारखा वाटतो. पण अजून एक मोड उरलाय. ९ वरचा पंचमच एक फ्रेट खाली आणला की लोक्रियन होतो. अंगठ्याखाली सहाव्या तारेचा पंचम घुमत असताना हा आठवा फ्रेट वाजवून बघा. दोघांचं भांडण लगेच ऐकू येईल. भातखंड्यांच्या थाटांत सा आणि प अचल आहेत, म्हणून लोक्रियनला तिथे जागा नाही. उलट भैरव, पूर्वी, मारवा आणि तोडी या चार थाटांना सात मोडांत जोडीदार नाही. तुलना इथवरच जाते.

दोन गोष्टी मात्र मनात पक्क्या ठेवा. थाट म्हणजे राग नव्हे. काफी थाटाचे स्वर वर-खाली वाजवले म्हणजे राग काफी झाला नाही. रागाला चलन (स्वरांची ठरावीक चाल) आहे, वादी-संवादी (मुख्य आणि त्याखालोखालचा स्वर) आहेत, स्वर लावण्याची रीत आहे. खमाज रागात तर दोन्ही निषाद येतात. आणि गिटारचे फ्रेट समान अंतराच्या स्वररचनेवर बसवलेले असतात, त्यामुळे गवयाचा कोमल गंधार आणि पाचव्या फ्रेटवरचा कोमल गंधार अगदी एकच असेल असं नाही. मोड ओळखण्यापुरती ही जोडणी भरवशाची आहे. तेवढ्यासाठीच वापरा.

एका दिवशी एकच जोडी घ्या. आज बिलावल-खमाज, उद्या खमाज-काफी. दहा मिनिटं त्या एका फ्रेटच्या फरकावरच रेंगाळा. सात मोड सात दिवसांत उरकू नका.

पायरी ३: मोडाची ओळख पटवणारे कॉर्ड

प्रत्येक मोडाची ओळख ज्या स्वरात आहे, तो स्वर ज्या कॉर्डमध्ये, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटात, येतो तो कॉर्ड शोधायचा. सा अजून ‘ए’ हाच आहे.

मिक्सोलिडियनसाठी ए मेजर आणि जी मेजर आळीपाळीने वाजवा. जी हाच कोमल नी. डोरियनसाठी ए मायनर आणि डी मेजर: डी मेजरमध्ये एफ शार्प आहे, तोच शुद्ध ध. डी मेजरच्या जागी डी मायनर वाजवला की एफ येतो, ध कोमल होतो आणि तुम्ही एओलियनमध्ये पोचता. पहिल्या तारेवर दुसऱ्या फ्रेटवरून पहिल्या फ्रेटवर आलेलं एक बोट, एवढाच काफी आणि आसावरीतला फरक. फ्रिजियनसाठी ए मायनर आणि बी फ्लॅट, लिडियनसाठी ए मेजर आणि बी मेजर. शेवटच्या दोन्हींत बार कॉर्ड (एकाच बोटाने अनेक तारा आडव्या दाबायचे) आहेत. बोटं तयार नसतील तर थोडं थांबा.

पायरी ४: स्वर तेच ठेवा, सा हलवा

आतापर्यंत सा जागेवर ठेवून स्वर बदलले. आता उलट करायचं. आपल्या परंपरेत याला मूर्च्छना म्हणतात, आणि भूपाइतकं सोपं उदाहरण दुसरं नाही.

पाचव्या फ्रेटवरची ए मायनर पेंटाटॉनिकची चौकट बहुतेक गिटारवाल्यांना येते: सहाव्या तारेवर ५ आणि ८, पाचव्या, चौथ्या आणि तिसऱ्या तारेवर ५ आणि ७, दुसऱ्या आणि पहिल्या तारेवर पुन्हा ५ आणि ८. यात स्वर पाचच आहेत: सी, डी, ई, जी, ए.

फोनवरच्या तंबोऱ्याची पट्टी सी लावा आणि ही चौकट वाजवा. सी हा सा झाला, तर हे स्वर सा रे ग प ध, म्हणजे भूपाचे. बोटं जिथे आहेत तिथेच ठेवून तंबोरा डीवर न्या: सा रे म प कोमल नी, मेघाचे स्वर. ईवर न्या: सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नी. हा मालकंस. त्यात पंचम नाही, म्हणून तंबोरा मध्यमाला लावा. जीवर न्या: सा रे म प ध, दुर्गा. एवर न्या: सा, कोमल ग, म, प, कोमल नी, धानी. एक चौकट, पाच घरं. पहिल्यांदा हे करताना मी मालकंसापाशी थांबलो तो अर्धा तास पुढे गेलोच नाही.

ज्याला हे ऐकू आलं त्याला ‘सी आयोनियन आणि ए एओलियन यांचे स्वर एकच, मग मोड वेगळे कसे?’ हा प्रश्न पुन्हा पडत नाही.

पायरी ५: पट्टी बदला

आता सी मेजरला घर माना, कारण त्याचे मोकळे कॉर्ड सोपे आहेत. पट्टीबदलात मागच्या दोन्ही पायऱ्या एकत्र येतात: स्वरही बदलतो आणि सा-ही हलतो. सी मेजर आणि जी मेजर शेजारी मांडून बघा. सातांपैकी सहा स्वर समान आहेत, फक्त एफच्या जागी एफ शार्प. नुसता म तीव्र केला आणि सा सीवरच ठेवला तर कल्याण. म तीव्र करून पंचमाला नवा सा केलं तर पट्टी बदलली, जी मेजर झाली. उलट्या दिशेला नी कोमल करून मध्यमाला सा केलं की एफ मेजर.

पण कानाने नवा सा मान्य करायला हवा. ते काम डॉमिनंट सेव्हन्थ कॉर्ड करतो, म्हणजे नव्या सा-च्या पंचमावरचा सेव्हन कॉर्ड.

तो कसं ओढतो हे बघायचं असेल तर जी सेव्हन धरा: सहाव्या तारेवर तिसरा फ्रेट, पाचवीवर दुसरा, पहिलीवर पहिला. एकदा छेडा आणि सी मेजरवर या. फक्त पहिल्या दोन तारांकडे लक्ष द्या. दुसरी तार मोकळी होती, बी, म्हणजे नी. ती पहिल्या फ्रेटवर गेली, सा झाला. पहिल्या तारेवर एफ होता, म्हणजे म. बोट उचललं, तार मोकळी झाली, ई, म्हणजे ग. तर्जनी पहिल्या तारेवरून दुसऱ्या तारेवर आली एवढंच. नी चढून सा-ला मिळाला, म उतरून ग-ला मिळाला. ही दुहेरी ओढ ऐकू आली की पट्टीबदलाची किल्ली हातात आली म्हणा.

आता सीवरून जीवर जायचं. सी मेजर चार मात्रा, ए मायनर चार मात्रा, डी सेव्हन चार मात्रा, जी मेजर आठ मात्रा. ए मायनर हा दोन्ही घरांचा पाहुणा: सीमध्ये तो सहाव्या स्वरावरचा कॉर्ड, जीमध्ये दुसऱ्या स्वरावरचा. म्हणून दार उघडल्याचा आवाज होत नाही. डी सेव्हनमध्ये एफ शार्प येतो, तेव्हाच कान मान वर करतो. एफ मेजरकडे जायचं तर सी, डी मायनर, सी सेव्हन, एफ.

गाण्याच्या शेवटच्या अंतऱ्याला पट्टी चढवतात ती रीत वेगळी. तिथे सामाईक कॉर्ड लागतोच असं नाही. सीवरून थेट डीवर चढायचं असेल तर अर्धी ओळ ए सेव्हन वाजवा आणि डीवर उतरा. माझ्या मते ही युक्ती एका गाण्यात एकदाच करावी. दुसऱ्यांदा केली की ऐकणाऱ्याला ती आधीच कळते.

गायक ‘काळी दोन’ म्हणाला तर

भजनाला किंवा घरगुती मैफलीला गिटार घेऊन बसलात तर कुणी डी शार्प म्हणणार नाही, हार्मोनियमच्या पट्टीचं नाव सांगेल. पांढरी एक म्हणजे सी, काळी एक सी शार्प, पांढरी दोन डी, काळी दोन डी शार्प, पांढरी तीन ई, पांढरी चार एफ, काळी तीन एफ शार्प, पांढरी पाच जी, काळी चार जी शार्प, पांढरी सहा ए, काळी पाच ए शार्प, पांढरी सात बी. सी मेजरचे आकार येत असतील तर काळी एकला कापो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) पहिल्या फ्रेटवर, काळी दोनला तिसऱ्या. काळी चारला जी मेजरचे आकार घ्या आणि कापो पहिल्या फ्रेटवर. कापोने बोटांच्या जागा वाचतात. सा कुठे आहे ते तुम्हालाच ठाऊक असावं लागतं, म्हणून कापो लावल्यावर आधी सा एकदा गुणगुणून घ्या.

पायरी ६: परतीची वाट

सीवरून जीवर पोचलात की तिथे निदान सोळा मात्रा थांबा. जीला सा म्हणून गा. मग जी मेजरच्या जागी जी सेव्हन धरा: पहिल्या तारेवरचं तिसऱ्या फ्रेटचं बोट निघून तर्जनी पहिल्या फ्रेटवर येईल. एफ शार्पची जागा एफने घेतली, तीव्र म पुन्हा शुद्ध झाला, आणि तर्जनी दुसऱ्या तारेवर सरकली की तुम्ही परत सीवर. ही फेरी न अडखळता जमली की तीच डी आणि ए यांच्यात करा. तिथे मधे ई सेव्हन लागेल, आणि त्यातला जी शार्प तिसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर सापडेल.