जुन्या खंजिराची मूठ कशाची आणि तो आला कुठून?

मराठवाड्यातल्या माळवदाच्या वाड्यांत खंडेनवमीला जी शस्त्रं पाटावर मांडतात, त्यांत एखादा खंजीर हमखास 'हस्तिदंती मुठीचा' म्हणून दाखवला जातो. नीट पाहिलं तर बरेचदा ती मूठ हाडाची किंवा शिंगाची निघते. हे घरच्या घरी ओळखता येतं. दहापट मोठं दाखवणारं भिंग, मोबाइलची बॅटरी आणि एक लहान चुंबक एवढं पुरे.

आधी घासूपुसू नका. वर्षानुवर्षांच्या हळद-कुंकवाचा, तेलाचा थर असू द्या. मुठीच्या बुडाशी कोरड्या सुती फडक्याने बोटभर जागा पुसली की काम भागतं. पाण्यात बुडवणं आणि उन्हात ठेवणं तर अजिबात नको. आपल्याकडच्या पुष्कळ मुठींत पात्याचं मागचं टोक लाखेत रोवलेलं असतं. ऊब लागली की लाख मऊ होते आणि पातं खिळखिळं होतं. तापलेली सुई टोचून पाहा, असा सल्ला कुणी दिला तर सरळ कानाआड करा. वस्तूला कायमचा डाग पडतो आणि हाड की हस्तिदंत ते कळत नाहीच.

आता बूड पाहा. हस्तिदंताची ओळख पटते ती आडव्या छेदात, म्हणून मुठीच्या बाजूंपेक्षा टोक महत्त्वाचं. तिथे एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची बारीक जाळी दिसली तर तो हत्तीचा दात. हाडात अशी जाळी नसते. त्यात रक्तवाहिन्यांच्या वाटा असतात आणि त्यांत मळ बसून काळे ठिपके व आखूड रेघा दिसतात. पिवळटपणावर विसंबू नका, कारण चहाच्या पाण्यात उकळून हाड 'जुनं' करता येतं. सगळीकडे सारख्या समांतर रेघा आणि कडेला साच्याची शिवण असेल, तर ते प्लॅस्टिक.

सांबरशिंग बाहेरून खडबडीत आणि गाभ्यात सच्छिद्र असतं. म्हशीचं शिंग काळं, पण पातळ कडेमागे बॅटरी धरली तर बहुधा मधाळ तपकिरी उजळतं. जुनं असेल तर त्याचे पापुद्रे सुटतात, किडीने पाडलेली भोकंही सापडतात. वॉलरस या समुद्री प्राण्याचा सुळा, म्हणजे फारसीतलं शीरमाही, याचा आतला भाग गार झालेल्या साबुदाण्याच्या खिरीसारखा गुठळीदार दिसतो. जेड हा मौल्यवान दगड, म्हणजे संगेयशब, हाताला गार लागतो आणि त्याला तेलकट चकाकी असते. काचेची नक्कल असेल तर तिच्यात बुडबुडे सापडतात.

मूठ धातूची असेल तर चुंबक लावा. काळ्या जमिनीवर चांदीचं नक्षीकाम आहे आणि चुंबक चिकटत नाही, तर बिदरी असू शकते. तिची घडण जस्त-तांब्याची. चिकटला आणि सोनं झिजलेल्या जागी बारीक आडवेउभे ओरखडे दिसले, तर ते लोखंडावर सोनं ठोकून बसवलेलं कोफ्तगरी काम.

मूळ गाव मात्र मुठीच्या मालावरून ठरवू नका. वॉलरस उत्तरेच्या बर्फाळ समुद्रातला, मोगलांचा जेड मध्य आशियातल्या खोतानकडचा. दोन्ही व्यापारातून इथवर आले. गाव सांगते ती घडण. आडव्या दांड्याची मूठ म्हणजे कट्यार. कडीसारखी मूठ आणि नागमोडी पातं म्हणजे बिचवा. मुठीसकट अख्खा पोलादी, दुहेरी बाकाचा चिलानम हा खास दख्खनचा. पात्याची पाठ जाड आणि छेद इंग्रजी टी अक्षरासारखा असेल तर पेशकब्ज, इराण-अफगाणिस्तान ते उत्तर हिंदुस्थान या पट्ट्यातला. आणि एकदम वळलेलं, मधोमध उंच शीर असलेलं दुधारी पातं दिसलं तर जंबिया, मुळात अरबस्तानचा. तो नांदेड-परभणीकडे निघाला तर नवल नको, कारण सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाकडे होता आणि त्याच्या चाकरीत अरब शिपाई होते.

माझ्या मते सगळ्यात बोलका असतो तो सांधा. मूठ आणि पातं एकाच जन्माचे असतीलच असं नाही. दख्खनच्या कित्येक कट्यारींना युरोपातून आलेल्या तलवारींची पाती कापून बसवलेली आहेत. सांध्याशी ताजी राळ, नवा खिळा किंवा पात्यापेक्षा रुंद खाच दिसली, तर दोघांचा विचार वेगवेगळा करा. मुठी पाहून डोळा तयार करायचा तर हैदराबादचं सालारजंग संग्रहालय मराठवाड्याला जवळ आहे. तिथली जेडची मांडणी पाहण्यासारखी आहे.

मूठ खरंच हस्तिदंताची निघाली तर विक्रीचा विचार सोडा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९८६ आणि १९९१ मध्ये दुरुस्त्या होऊन हा व्यापार बंद झाला आहे. कागदपत्रांसाठी वनविभागाकडे जा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू परदेशी पाठवायलाही मनाई आहे. जाणकाराला फोटो पाठवाल तेव्हा बूड, सांधा, पात्याची पाठ आणि म्यानाचं तोंड, असे चार जवळून घ्या; शेजारी मोजपट्टी ठेवा, फ्लॅश बंद करा.